दिवाळीत चालू केलेला कूलर

तृप्ती नऊ वर्षांची असताना तिला दमा जडला, आणि तेव्हापासून ती आपल्याच घरी मुक्कामाला राहू शकली नाही.

घर म्हणजे बदनापूरच्या स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीमागं काढलेल्या खोल्या. पुढं गिरणी, तिला लागून मधली खोली, मग स्वयंपाकघर, आणि अंगणाकडं उघडणारी मागची खोली. गिरणी तृप्तीच्या वडिलांची, बद्रीनाथची. गहू, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, दिवसभर काही ना काही दळलं जायचं, आणि दाराच्या फटीतून, पत्र्याखालून, माणसांच्या कपड्यांवरून पीठ आत यायचं. बद्रीनाथला आणि त्याच्या बायकोला, उषाबाईला, त्याचं काही होत नसे. पोरीची मात्र संध्याकाळ झाली की छाती भरून यायची. पाठीला उशा लावून ती बसल्या बसल्या झोपायची, तोंड उघडं टाकून. एका पहाटे तिचे ओठ निळे पडले, तेव्हा तिला टेम्पोत घालून जालन्याला न्यावं लागलं. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, औषध चालू ठेवा, पण पोरीला त्या हवेत ठेवू नका. उषाबाईची बहीण जालन्यातच राहायची. तृप्ती दवाखान्यातून सरळ मावशीकडं गेली आणि तिथंच मोठी झाली.

रविवारी सकाळच्या गाडीनं ती बदनापूरला यायची. अंगणात बसायची, आईच्या हातचं जेवायची आणि दिवस कलायच्या आत परत जायची. दहावीच्या सुट्टीत एकदा हट्टानं राहिली, तर पुढचा आठवडा दवाखान्यात गेला. त्यानंतर राहायचा विषय कोणी काढला नाही.

पुढं ती शिकली, संभाजीनगरला बँकेत लागली. तिचं लग्न तिथल्याच एका शाळेत शिकवणाऱ्या राजानंदशी झालं. पोरगा अंबडकडचा, मोजकं बोलणारा, माणूस बरा. लग्नानंतरची पहिली दिवाळी आली. दिवाळसणाला लेक-जावई माहेरी यायचे असतात. दसरा झाला आणि तृप्तीचा फोन आला.

"अण्णा, दिवाळीला आम्ही मावशीकडं येतो. तुम्ही अन् आई तिकडंच या. आधी एक दिवस बदनापूरला येऊन जाऊ, सांजच्याला परत."

"बरं," बद्रीनाथ म्हणाला.

फोन ठेवून तो गिरणीत गेला आणि पुन्हा बाहेर आला. उषाबाई दारात सुपात गहू घेऊन बसली होती.

"त्यात वाईट काय वाटून घेता? दरसाल असंच हाय."

"दरसाल येगळं. हा दिवाळसण हाय. पोरीचा पाट दुसऱ्याच्या घरी मांडायचा का?"

"माझी बहीण दुसरी हाय व्हय?"

"ती दुसरी न्हाई. घर तिचं हाय, आपलं न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "जाऊ दे."

पण त्याच्या मनातून ते गेलं नाही. दोन दिवसांनी समोरचे अबुबकरभाई ज्वारी दळायला आले. त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान रस्त्यापलीकडं होतं. कोठ्या, पेट्या आणि उन्हाळ्यात कूलर. तालुक्यातले निम्मे कूलर त्यांच्या हातचे. बद्रीनाथचा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, आणि बद्रीनाथनं सांगून टाकलं.

अबुबकरभाईंनी मोबाइल काढला. "हे पाह्यलं का, बद्रीभाऊ? दिल्लीकडं हवा लई खराब. तिथली लोकं पंख्याला फिल्टर बांधून घरातली हवा साफ करून राह्यली. घरच्या घरी."

बद्रीनाथनं पाहिलं. एका पोरानं चौकोनी पंख्याभोवती फिल्टरांचं खोकं केलं होतं आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती.

"असं मशीन तयार मिळतंय की बाजारात."

"मिळतंय. महाग हाय, अन् गिरणीच्या घरात त्याचा फिल्टर किती टिकणार? हे सस्त्यात होतंय. आता मला सांगा, तुमचा कूलर दिवाळीत काय काम करतो?"

"काय करणार? त्याच्यावर कपडे वाळतात."

"बिलकुल! सगळ्या गावाचा कूलर होळीपर्यंत कपडेच वाळवतो." अबुबकरभाई हसले. "आता बघा. कूलरात पुढं पंखा असतो. बाकीच्या तीन बाजूंना गवत भरलेल्या जाळ्या. पंखा जाळ्यांतून हवा ओढतो अन् खोलीत फेकतो. पाणी काढा, गवत काढा, त्या जागी फिल्टर लावा. खोकं तयारच हाय, मीच केल्तं."

बद्रीनाथनं त्या रात्रीच कूलरवरचे कपडे काढून ठेवले. सकाळी उठून त्यानं कूलर अंगणात ओढला, पाण्याची मोटर काढून ठेवली, टाकी घासून उन्हात वाळवली आणि जाळ्यांमधलं जुनं गवत उकिरड्यावर टाकलं.

"आता हे काय काढलं?" उषाबाईनं विचारलं. त्यानं सांगितलं तशी ती थबकली.

"नको," ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर पोर थांबायची, अन् जावयासमोर तिचा जीव वर-खाली व्हायचा. नको ते."

"मी कुठं तिला थांब म्हणून राह्यलो? आधी करून तर बघू दे."

फिल्टर विकत आणायची गरज नाही, असं त्याला आधी वाटलं. गिरणीच्या तोंडाला मांजरपाटाची पिशवी बांधलेली असते. हवा कापडातून बाहेर जाते, पीठ आत राहतं. जन्मभर तो हेच पाहत आला होता. त्यानं नवं मांजरपाट आणलं, दुहेरी करून तिन्ही जाळ्यांवर ताणून शिवलं आणि कूलर मागच्या खोलीत नेऊन लावला. खोली झाडून पुसून घेतली. पारखायला काय ठेवावं, याचा विचार करून त्यानं माळ्यावरची काळी पाटी काढली, धुऊन खाटेवर ठेवली, दार लावलं आणि दिवसभर गिरणी चालवली.

संध्याकाळी दार उघडलं तर पंखा घुसमटल्यासारखा आवाज करत होता. समोर हात धरला तर वारं जेमतेम लागत होतं. पंख्याच्या मोटरला हात लावला आणि चटका बसला. पाटीवर पांढरी सायच धरली होती. बोट फिरवलं तर रेघ उमटली.

अबुबकरभाईंनी येऊन पाहिलं. "कापडानं हवा अडवली, भाऊ. अन् जे बारीक पीठ अडवायचं ते तर जाऊन राह्यलं. पिशवीत गिरणीचा जोर असतोय. हा बिचारा पंखा. ह्याला मोकळी वाट पाहिजे."

"मंग?"

"गाडीतल्या एसीचा फिल्टर आणू. घड्या-घड्यांचा असतोय. घड्या उलगडल्या तर एवढुशा फिल्टरातून लांबच लांब कागद निघतो. हवेला जागा भरपूर, अन् धूळ घड्यांत अडकती."

जालन्याला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून त्यांनी ते फिल्टर आणले. एका जाळीत चार-चार बसतील असे होते. अबुबकरभाईंनी पत्र्याच्या पट्ट्या कापून चौकटी केल्या आणि फिल्टर त्यात शेजारी शेजारी बसवले. पण फिल्टर आणि पत्रा यांच्यामध्ये फटी राहिल्या. त्यावर चिकटपट्टी लावली, ती कोपऱ्यांवर सुटू लागली. तेव्हा बद्रीनाथ स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं मैद्याची खळ शिजवायला घेतली.

"चकलीच्या भाजणीचे दिवस, अन् तुम्ही माझ्या पातेल्यात खळ शिजवून राह्यले!" उषाबाई ओरडली.

तिनं त्याच्या हातातून पळी घेतली. त्याला वाटलं, ती पातेलं खाली उतरवेल. पण खळीत गुठळ्या झाल्या होत्या, त्या तिला बघवल्या नाहीत. तिनं स्वतःच खळ सारखी घोटली, जुन्या पेपरच्या पट्ट्या फाडल्या आणि अंगणात बसून फटींवर एकावर एक चिकटवायला लागली. बद्रीनाथ आणि अबुबकरभाई उभे राहून पाहत राहिले.

"काय बघता? ती बाजू धरा," ती म्हणाली.

खळ वाळल्यावर त्यांनी कूलर लावला. या वेळी पंख्याचा आवाज मोकळा होता आणि समोर वारं चांगलं लागत होतं. उषाबाईनं देवघरातून उदबत्ती पेटवून आणली आणि तिन्ही बाजूंनी फिरवली. जाळीजवळ धूर सरळ आत ओढला जात होता, ते बरोबर होतं. मग ती खाली वाकली. टाकीच्या तळाशी पाणी सोडायचं भोक असतं. धुराची बारीक रेघ त्या भोकातही शिरत होती.

"अहो, हे बघा. हितून फुकटची हवा आत जाऊन राह्यली."

तिनं आत जाऊन भिजवलेल्या कणकेचा गोळा आणला आणि भोकात दाबून बसवला. नळीच्या भोकातही बसवला.

"वहिनी, आमच्यात बिर्याणीच्या पातेल्याला लावतात असं," अबुबकरभाई म्हणाले आणि तिघंही हसले. पोरीचा फोन आल्यापासून त्या घरात कोणी असं हसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अबुबकरभाईंनी कणीक काढून तिथं पत्र्याच्या फटी बुजवायचा पक्का मसाला भरला.

मग पुन्हा तीच पाटी, तीच खाट, आणि दिवसभर गिरणी. संध्याकाळी बद्रीनाथनं पाटी उचलून दारात उजेडाला आणली. तिच्यावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग बायकोला हाक मारली. उषाबाईनंही बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं आणि बोटाला काही लागलं नसतानाही ते पदराला पुसलं.

"तिला सांगा फोन करून," ती म्हणाली.

"न्हाई."

"का?"

"सांगितलं तर ती माझ्यासाठी थांबल. अन् तिला त्रास झाला, तर माझ्यासाठी लपवल."

उषाबाई पोरीला ओळखून होती. ते खरं होतं.

तरी त्यानं तयारी सोडली नाही. खोलीच्या भिंती पुसल्या, गोधड्या धुऊन कडक उन्हात टाकल्या. मधल्या दाराला ओलं पोतं टांगलं. वसुबारसेला शेवटचं दळण काढून गिरणी बंद केली. ऐन दिवाळीच्या तोंडावर लोक डबे घेऊन येत होते, आणि तो सगळ्यांना हात जोडून बाजारातल्या गिरणीकडं पाठवत होता.

नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं लेक-जावई आले. तृप्ती सवयीनं नाकाला ओढणी लावून बोळातून थेट अंगणात गेली आणि बाजेवर बसली. राजानंद बॅगा ठेवायला मागच्या खोलीत शिरला आणि दारातच थांबला.

"मामा, थंडीत कूलर?"

बद्रीनाथ गडबडला. "ते असंच... गार हवेसाठी न्हाई ते." मग लपवण्यात काही अर्थ राहिला नाही, म्हणून त्यानं सांगितलं. सांगता सांगता तो खाली बसला, चौकट काढून फिल्टरच्या घड्या दाखवल्या, त्यात अडकलेलं पीठ दाखवलं. कापडाची फजिती सांगितली, कणकेच्या गोळ्याचंही सांगितलं. राजानंद शेजारी उकिडवा बसून ऐकत होता. दोघांच्या मागं तृप्ती येऊन उभी राहिली होती, हे त्यांना कळलं नाही.

"चौकट परत लावा, अण्णा," ती म्हणाली. "अन् सगळे बाहेर व्हा जरा."

तिनं दार आतून लोटून घेतलं. तिघं अंगणात उभे राहिले. उषाबाई तुळशीची वाळलेली पानं उगाचच खुडत राहिली. आतून कूलरचा घुर्र आवाज येत होता, बाकी काही नाही. बद्रीनाथला ते थांबणं फार जड गेलं.

दार उघडलं तेव्हा तृप्तीच्या नाकावर ओढणी नव्हती.

"हितं आलं की नाकात खवखव सुरू व्हायची," ती म्हणाली. "अजून झाली न्हाई." मग बापाकडं पाहून म्हणाली, "एवढं केलं, अन् मला थांब म्हणायचं सोडून गप का बसले?"

"तू मला न्हाई म्हणू शकत न्हाईस, म्हणून."

तृप्तीनं ओढणीची घडी करून खांद्यावर टाकली.

"मंग मीच म्हणते. आज आम्ही हितं राहू. माझी औषधं मी बराबर घेणार, श्वासाचा पंप जवळ हाय. अन् त्रास झाला तर त्याच वेळी सांगीन, लपवणार न्हाई. चालंल?"

"तसं झालं तर आपण लगेच निघू," राजानंद म्हणाला. "मामा, गाडीचं काय?"

"अबुबकरभाईचा टेम्पो हाय. त्यांना सांगून ठेवलंय."

"कधी सांगितलं?" उषाबाईनं विचारलं.

"फिल्टर लावला त्या दिवशीच."

रात्री जेवणं झाली. लेक-जावई मागच्या खोलीत गेले आणि बद्रीनाथ मधल्या खोलीत आडवा झाला. तेव्हा एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, जी इतक्या दिवसांत सुचलीच नव्हती. कूलरचा आवाज एवढा होता, की पोरगी आत खोकली तरी त्याला ऐकू येणार नव्हतं. लहानपणी तिच्या छातीतली बारीक शिट्टी ऐकून तो झोपेतून उठायचा. आता फक्त घुर्र. त्या आवाजाखाली काय चाललंय, कळायला मार्ग नाही. तो कूस बदलत राहिला.

पहाटे उषाबाईनं अंगणातला बंब पेटवला, तेल-उटणं काढलं, पाटाभोवती रांगोळी घातली. राजानंद उठून बाहेर आला. उषाबाईनं त्याला तेल लावलं, त्याची अंघोळ झाली. गल्लीत फटाके सुरू झाले. तृप्तीचा पत्ता नव्हता.

"उठवा तिला," उषाबाई म्हणाली. "दिवस उगवायच्या आत अंघोळ व्हायला पाहिजे. तिचा पहिला दिवाळसण हाय."

"झोपू दे."

"अहो, आजच्या दिवशी उशिरा अंघोळ केली तर नरकात जातात म्हणतात."

"तिच्या वाटचा मी जातो," बद्रीनाथ म्हणाला आणि मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसला.

पूर्वेला तांबडं फुटलं. पत्र्यावर ऊन आलं. बंबातलं पाणी दोनदा तापून निवलं. मावशीचा फोन आला, तो उषाबाईनं हळू आवाजात घेतला. आता बद्रीनाथच दाराला कान लावून बसला. इतका वेळ माणूस झोपतं का? झोपच आहे ना ती?

राजानंदला ते दिसलं असावं. तो जवळ येऊन म्हणाला, "मी उठलो तेव्हा पाह्यलं होतं, मामा. श्वास शांत चालू होता."

"ते कधीचं झालं आता."

"मंग बघा तुम्हीच."

बद्रीनाथनं दार बोटभर लोटलं आणि आत डोकावलं. तृप्ती कुशीवर झोपली होती. पाठीला उशा नव्हत्या. एक हात गालाखाली, तोंड मिटलेलं. गोधडी सावकाश वर होत होती आणि सावकाश खाली येत होती. घाई नाही, ओढ नाही. त्या खोलीत पोरीला असं आडवं झोपलेलं त्यानं ती नऊ वर्षांची व्हायच्या आधी कधीतरी पाहिलं असेल, ते त्याला आठवतही नव्हतं. तो पाहत राहिला. मग दार परत लावून घेतलं आणि भिंतीला टेकून बसला. 

"काय?" उषाबाई धावत आली. "काय झालं?"

त्यानं मान हलवली. "झोपलीय," तो म्हणाला. "आडवी झोपलीय, उषा."

उषाबाई त्याच्याजवळ खाली बसली. तिनं तोंडाला पदर लावला. राजानंद अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन रांगोळी पाहत उभा राहिला.

चांगलं ऊन वर आल्यावर दार आतून उघडलं. तृप्ती विस्कटलेल्या केसांनी डोळे चोळत बाहेर आली.

"किती वाजले? एवढं ऊन? अन् उठवलं का न्हाई कुणी?"

"तुझ्या बापाला विचार. दाराशी पहारा देऊन राह्यले पहाटपासून."

"अण्णा!"

"कशी हायेस?" बद्रीनाथनं विचारलं.

तृप्तीनं खोल श्वास घेतला, पार पोटापर्यंत, आणि सोडला. कुठं शिट्टी नाही, कुठं खरखर नाही.

"भूक लागलीय," ती म्हणाली. "रात्री पंप काढलाच न्हाई. डोळा लागला तो आत्ताच उघडला."

"आधी अंघोळ," उषाबाई म्हणाली आणि तिचा दंड धरून तिला पाटावर बसवलं. पोरीच्या डोक्यावर तेलाची वाटी रिकामी करून ती चोळायला लागली. एवढं तेल कशाला म्हणून तृप्ती कुरकुरली, पण तिची मान आईच्या हाताखाली सैल पडली होती.

जालन्याहून मावशी दुपारी फराळाचे डबे घेऊन स्वतःच आली. आल्या आल्या सगळ्यांवर रागावली आणि मग कूलरभोवती फिरून फिरून त्याला पाहू लागली. जावयाला ओवाळायला आज इथंच थांबते म्हणाली. अबुबकरभाईही आले. तृप्तीनं त्यांच्यासमोर चिवड्याची ताटली ठेवली आणि त्यांच्याकडून फिल्टर कधी बदलायचे, जाळी कशी काढायची, सगळं विचारून घेतलं. भाऊबीज होईपर्यंत ती राहणार होती, आणि पुढंही यायचं म्हणत होती.

अंगणात बोलणं रंगात आलं. राजानंदनं कसला तरी शाळेतला किस्सा सांगितला आणि सगळे मोठ्यानं हसले. उषाबाईनं पाहिलं तर बद्रीनाथ त्यांच्यात नव्हता. ती आत गेली. तो मधल्या खोलीत उघड्या जमिनीवर, नवं धोतर चुरगळून, गाढ झोपला होता. बाहेर फटाके वाजत होते. तिनं त्याच्या डोक्याखाली उशी सारली आणि दार ओढून घेतलं.